पहिल्या धारेची वाटी

माझ्यातून कोणी कधी चहा प्यायलं नाही, मित्रांनो, की मला कोणी ताटाशेजारी मांडलं नाही. मी एक जुनी पत्र्याची वाटी. बाहेरून पांढरी, आतून काळीकुट्ट, आणि काठाला दोन ठिकाणी टवके उडालेली. आज मला बघून तुम्हाला वाटेल, हिचं कसलं आलंय आयुष्य? पण एके काळी आमच्या भागात माझ्यात डोकावल्याशिवाय कोणी शेळी घेत नसे. मला त्याचा गर्व होता, आणि तो असायलाच हवा होता. पुढे माझा केसाने गळा कापला गेला. तेच तुम्हाला सांगायचं आहे. माझ्या मनात अजून राग आहे, तो मी लपवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या सगळ्या बहिणी आतबाहेर पांढऱ्याशुभ्र. मलाच तेवढा आतून काळा मुलामा चढला. मुलामा देणारा कामगार शेजाऱ्याशी गप्पा मारण्यात दंग होता आणि त्याने भलत्याच पिंपात पळी बुडवली. मुकादम त्याच्यावर ओरडला, पण वाटी काही फुकट घालवायची नसते, म्हणून बहिणींबरोबर मीही दुकानात येऊन पडले. दुकानदार मला मागच्या फळीवर ठेवी. गिऱ्हाइकं मला उचलत, आत बघत आणि नाक मुरडून परत ठेवत. बहिणी एकेक करून घरोघरी गेल्या आणि मी तिथेच धूळ खात राहिले.

मग एक दिवस आई आली. ती माझी आई नव्हे. ती थोरल्याची आणि धाकटीची आई. पण घरात, गोठ्यात, गल्लीत सगळे तिला आईच म्हणत, म्हणून मीही म्हणते. तिने मला दाराशी नेऊन उजेडात धरलं आणि माझ्या काळ्या तळाकडे बघून ती चक्क हसली.

"ही द्या," ती म्हणाली.

"आतून काळी आहे हो ती. मागाहून तक्रार नको," दुकानदार म्हणाला.

"काळी आहे म्हणूनच घेतेय. बाकीच्या ठेवा तुमच्याकडे."

आईकडे दुभत्या शेळ्या होत्या. घरामागे लांबट गोठा, त्यात कोरड्या गवताचा थर, एका अंगाला फळ्यांचा गुडघाभर उंच ओटा. ओट्याच्या पुढच्या टोकाला मान अडकवायची लाकडी चौकट आणि तिच्यासमोर खुराकाची पेटी. शेळी आपणहून उडी मारून ओट्यावर चढे, पेटीत तोंड घाली, आई चौकट लावून घेई आणि शेजारी बसे. आधी कोमट पाण्याने कास पुसायची, मग कोरड्या फडक्याने टिपायची, प्रत्येक शेळीला वेगळं फडकं. मग दोन्ही सडांच्या पहिल्या दोन-तीन धारा बादलीत नाही, माझ्यात. माझं काम ते.

का, ते सांगते. शेळीच्या कासेत दुखणं शिरलं की सगळ्यात आधी ते पहिल्या धारेत दिसतं. दुधात बारीक पांढऱ्या गुठळ्या येतात, कण्या असाव्यात तशा. पांढऱ्या भांड्यात त्या डोळ्यांना दिसत नाहीत. माझ्या काळ्या तळावर मात्र एक कणसुद्धा लपत नाही. आई मला दाराच्या उजेडाकडे कलती करी आणि म्हणे, "बोल बाई." मी बोले. दूध निवळ असलं तर ते माझ्या तळावरून सरळ घरंगळे. गुठळी असली तर ती मागे चिकटून राही. आई बघे, मान हलवी, आणि मगच बादली पुढे ओढी.

गुठळी दिसली तर काय करायचं, याचा त्या घरात एक नियम होता. ज्याला दिसली त्याने तिथल्या तिथे मोठ्याने ओरडायचं, "गुठळी!" मग घरातला प्रत्येक जण हातातलं काम टाकून गोठ्यात येई आणि ती शेळी कोणती ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून जाई. कारण त्या दिवसापासून ती शेळी सगळ्यात शेवटी पिळायची, तिचं दूध वेगळ्या खड्ड्यात ओतायचं, आणि तिला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. हातांवरूनच ते दुखणं एकीकडून दुसरीकडे जातं. एरवी क्रम वयाचा असे. सगळ्यात थोर शेळीचा मान पहिला, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची. शेळ्यांनाही तो पाठ होता. मध्येच कोणी घुसली तर बाकीच्या ढुशा देऊन तिला मागे रेटत.

थोरला लहान असताना एकदा त्याला पिळायचा कंटाळा आला. त्याने स्वच्छ दूध असताना "गुठळी!" म्हणून ठोकून दिलं आणि खेळायला पळायच्या बेतात होता. आईने मला बघितलं, त्याला बघितलं. तिने त्याच्या हातात गरम पाण्याचं भांडं आणि फडकं दिलं. "दुखणं आहे म्हणतोस ना? मग शेक." सगळी संध्याकाळ तो त्या ठणठणीत शेळीची कास शेकत बसला. शेळीची काय मजा! ती डोळे मिटून रवंथ करत उभी. धाकटी दारात उभी राहून इतकी हसली की तिला उचकी लागली. त्या दिवसापासून थोरला माझ्याशी जपून वागू लागला. मला वाटलं, पोरगा शिकला.

धाकटीला शिकवावं लागलंच नाही. तिचे हात मऊ आणि पकड घट्ट. ती सड कधी खाली ओढत नसे. वरून अंगठा आणि बोट मिटायचं आणि मग एकेक बोट खाली आवळत यायचं, हे तिने नुसतं बघून उचललं. शेळ्या तिच्या हाताखाली लगेच पान्हा सोडत. खुरं कापायलाही तीच बसे. शेळी पाय झाडू लागली की ही तिच्याशी गप्पा मारी, "अगं, तुझीच नखं वाढलीत ना? का माझी?" शेळी ऐकल्यासारखी उभी राही. आणि माझ्यात बघताना ती आईसारखंच म्हणे, "बोल बाई."

आमचा लौकिक हळूहळू घराबाहेर गेला. कोणाला शेळी घ्यायची असली की तो आईला म्हणे, "तुमची वाटी घेऊन याल का जरा?" आई मला पदरात गुंडाळून नेई. विकणारा छातीवर हात ठेवून शपथा घेई, घेणारा त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. तो माझ्यात बघे. किती सौदे माझ्यावर झाले आणि किती माझ्यामुळे मोडले! एकदा एका विकणाऱ्याने चिडून मला भिंतीवर फेकलं, तो माझ्या काठाचा पहिला टवका. आईने मला पुसून घेतलं आणि त्याला म्हणाली, "वाटीवर कशाला राग काढतोस? शेळीला औषध दे."

मित्रांनो, ते माझे सोन्यासारखे दिवस होते. पुढचं सांगताना मला त्रास होतो, पण सांगते.

आई गेली. तोवर थोरल्याचं लग्न झालेलं होतं, तो आणि वहिनी त्याच घरात राहून गोठा बघत होते. धाकटी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तिचा नवरा बस चालवी. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाई, पण तिचा जीव शेळ्यांत. तिने घरामागच्या मोकळ्या जागेत एक छोटा गोठा बांधून घेतला होता आणि पिंगी व काळी अशा दोन शेळ्या करडू असल्यापासून बाटलीने दूध पाजून वाढवल्या होत्या. जवळच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाक्याने तिला शब्द दिला होता: रोज पुरेल इतकं दूध देशील तर सगळं आम्हीच घेऊ. दोघींच्या दुधावर ते जमणारं नव्हतं. आईच्या मागे सहा शेळ्या राहिल्या होत्या. निम्म्या तिच्या. त्या आल्या की कारखाना सोडायचा आणि मनासारखं जगायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं. त्यात वावगं काय होतं?

त्या सहांत सगळ्यात थोर टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, कास भरदार, स्वभाव राणीचा. आईच्या शेवटच्या आजारपणात टिकली रोज खिडकीखाली येऊन ओरडायची, आणि आई आतून उत्तर द्यायची. धाकटी वाटणीला आली की पहिला हात टिकलीवरच ठेवणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. थोरल्यालाही ते माहीत होतं.

वाटणीच्या काही दिवस आधीची गोष्ट. थोरला सकाळी पिळायला बसला. टिकलीच्या उजव्या सडाची धार त्याने माझ्यात सोडली, मला कलती केली, आणि मी बोलले. स्पष्ट बोलले. चार-पाच गुठळ्या माझ्या तळाला चिकटल्या होत्या, त्यात एक पिवळसर झाक असलेली. त्याने त्या बघितल्या. मी वाट बघत राहिले. आता ओरडेल, आता वहिनी हात पुसत धावत येईल, आता फडकी गरम पाण्यात पडतील.

तो ओरडला नाही. त्याने दाराकडे बघितलं, मग मला बादलीच्या पाण्यात बुचकळलं आणि खिळ्याला अडकवलं.

मला वाटलं, असेल, घाईत असेल, संध्याकाळी सांगेल. संध्याकाळी पुन्हा गुठळ्या, पुन्हा पाणी, पुन्हा खिळा. दुसऱ्या दिवशीही तेच. टिकलीला तो शेवटी पिळत होता, दूध खड्ड्यात ओतत होता, हात धुत होता, म्हणजे सगळं त्याला कळत होतं. औषध मात्र नाही. आणि वर मूग गिळून गप्प.

वहिनीच्या लक्षात आलं. ती साधी बाई, पण तिचे डोळे काही मिटलेले नव्हते. "टिकलीचं दूध ओतता का हो तुम्ही?" तिने विचारलं.

"जरा बिघडलीय. होईल बरी."

"मग धाकटीला सांगा ना. ती तिलाच मागणार."

"मी तिला टिकली देतोय का? तिने निवडली तर तिने निवडली. तिला सांगितलं की ती दुधाळ अशा दोघी, भुरी आणि शिंगाळी, उचलेल. मग माझ्याकडे काय राहील, ही आजारी म्हातारी?"

"अहो, पण बहीण आहे ती तुमची."

"म्हणूनच तर पहिली निवड तिला देतोय," थोरला म्हणाला, आणि मित्रांनो, त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. वहिनी चुलीवर काहीतरी उतू जातंय म्हणत आत गेली. चुलीवर काही नव्हतं.

वाटणीच्या दिवशी सकाळी, धाकटी यायच्या आधी, थोरल्याने टिकलीला ओट्यावर न घेता गोठ्याच्या कोपऱ्यात नेलं. तिच्या उजव्या सडाच्या धारा त्याने गवतात सोडल्या. एक, दोन, दहा, कितीतरी. गुठळ्या जितक्या होत्या तितक्या गवतात गेल्या. सगळं दूध मात्र काढलं नाही, संशय येणार नाही इतकं ठेवलं. मग गार पाण्यात फडकं भिजवून तो तिच्या तापलेल्या कासेवर दाबून बसला, पुन्हा भिजवलं, पुन्हा दाबलं. शेवटी ओलं गवत उचलून बाहेर टाकलं आणि कोरडं अंथरलं. खिळ्यावरून मी हे सगळं बघत होते. मला तोंड असतं तर मी अख्खी गल्ली गोळा केली असती.

धाकटी छोटा टेम्पो घेऊन आली. आल्या आल्या तिने गोठ्याच्या चौकटीला हात लावला आणि तिचे डोळे भरले. थोरल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. हे बघ, आधी तू निवड. तुला हव्या त्या तीन ने. उरतील त्या माझ्या."

"असं कसं दादा? एक तू, एक मी, असं करू."

"थोरला मी आहे ना? मी सांगतो तसं कर."

धाकटीने वहिनीकडे बघितलं. वहिनी जमिनीकडे बघत होती. धाकटीला वाटलं, आईच्या आठवणीने वहिनीचं मन भरून आलंय.

टिकली ओट्यावर चढली. धाकटीने कासेवर तळवा ठेवला. "ओली आहे ही. गार लागतेय."

"तू येणार म्हणून धुऊन पुसून ठेवलं सगळ्यांना," थोरला म्हणाला.

"माझ्यासाठी?" धाकटी म्हणाली. तिने मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं, आणि टिकलीच्या दोन्ही सडांच्या धारा माझ्यात घेतल्या. मला दाराकडे कलती केली. "बोल बाई."

मित्रांनो, दूध माझ्या तळावरून सरळ घरंगळलं. एक कणही मागे राहिला नाही. माझ्यात जे होतं तेच मी दाखवलं, दुसरं मी काय करू शकत होते? जे गवतात गेलं ते मी कुठून आणू?

तरीही धाकटीचा हात कासेवर रेंगाळला. बोटांना काहीतरी लागत असावं. "उजवीकडे थोडं घट्ट वाटतंय रे. दादा, हिचं सगळं ठीक आहे ना?"

थोरल्याने तिच्या हातातून मला घेतलं आणि उलटं करून दाखवलं. "आता बघितलंस ना तू? माझ्यावर नको ठेवू विश्वास. आईच्या वाटीवर तर ठेवशील?"

त्या क्षणी मला भिंतीवर आपटणारा तो जुना विकणारा परवडला, असं वाटलं. तो निदान माझ्यावर चिडला होता. थोरल्याने मला पुढे करून माझ्याच तोंडून आपलं खोटं वदवलं, तेही आईचं नाव घेऊन. धाकटी ओशाळली. "नाही रे, सहज विचारलं," ती म्हणाली. तिने टिकली घेतली आणि मग भुरी. तिसरी निवडताना तिने मुद्दाम सगळ्यात कमी दुधाची घेतली, भावाला जड जाऊ नये म्हणून. निघताना तिने मलाही मागितलं. "ने की," थोरला म्हणाला, "माझं नव्या भांड्यावर भागेल." फार मोठ्या मनाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने आपल्या गोठ्यात पहिल्यांदा आईचा क्रम लावला. टिकली सगळ्यात थोर, म्हणून तिचा मान पहिला. तिची धार माझ्यात घेताना धाकटीला उजेडच पुरेना. कालच तर बघितली आहे, म्हणत तिने घाईने मला बाजूला ठेवलं आणि बादली ओढली. तिथून तशीच भुरीकडे, मग तिसरीकडे, मग पिंगीकडे, मग काळीकडे. प्रत्येकीला वेगळं फडकं होतं, पण हात तेच. आईला मान द्यायला ती टिकलीपासून सुरुवात करत होती आणि तिच्याच हातांनी ते दुखणं प्रत्येकीच्या दारी पोचत होतं.

संध्याकाळी मी बोलले. त्या वेळी उजेड होता. गुठळ्या माझ्या तळाला चिकटल्या होत्या आणि धाकटी "गुठळी!" म्हणून इतक्या जोरात ओरडली की तिचा नवरा अर्धी दाढी केलेल्या तोंडाने बाहेर आला.

"काय झालं? कोण पडलं?"

"टिकली. काल वाटी स्वच्छ होती हो. माझ्याकडे एक दिवस राहिली आणि हे झालं."

"मग तुझं काय चुकलं त्यात?"

"माझंच चुकलं. टेम्पोत दणके बसले असतील. नाहीतर माझंच गवत दमट असेल. नाहीतर मी नीट पुसलं नसेल." ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, जणू ते हात कोणा परक्याचे आहेत. मग तिने फोन उचलला आणि भावाला लावला. मी तिच्या मांडीवर होते, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"दादा, माझी चूक झाली. आईची टिकली माझ्या हातून आजारी पडली. तुझ्याकडे इतकी चांगली होती. तू रागावू नको."

मला आशा वाटली. अजूनही वेळ गेली नव्हती. तो आता तरी खरं सांगू शकला असता.

"होतं असं कधीकधी," थोरल्याचा आवाज आला. "मनाला लावून घेऊ नको. पुढच्या वेळी जप म्हणजे झालं."

माफ केलं त्याने तिला, मित्रांनो! आणि तिने त्याचे आभार मानले. गवतात धारा सोडताना मला त्याचा राग आला होता, पण हे ऐकल्यावर मला त्याची शिसारी आली.

पुढे जे व्हायचं तेच झालं. आधी भुरी, मग पिंगी. धाकटी दिवसभर गरम फडकी बदलत असायची, दूध खड्ड्यात ओतत असायची. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाक्याला तिने स्वतः जाऊन सांगितलं की दूध देता येणार नाही. तो भला माणूस, म्हणाला, शेळ्या बऱ्या झाल्या की या. पण म्हाताऱ्या माणसांना दूध रोज लागतं, त्याने दुसरीकडून लावून घेतलं. धाकटीने कारखान्याला सोडचिठ्ठी दिली नव्हती हे नशीब. रजा संपताच ती पुन्हा शिलाईला जाऊ लागली, आणि येऊन शेळ्या शेकू लागली. टिकलीची उजवी बाजू दगडासारखी झाली आणि मग कायमची आटली. धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली. "आईने मला एक चांगली शेळी ठेवली होती आणि मी तिची वाट लावली," असं ती म्हणाली. टिकलीने तिच्या केसांत तोंड घालून हुंगलं.

जनावरांची डॉक्टरीण आली ती तेव्हा. तिने टिकलीची कास बोटांनी चाचपली, एकदा, पुन्हा एकदा. "कधीपासून आहे हे?"

"माझ्याकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"शक्य नाही. आतली गाठ जुनी आहे. आली तेव्हाच दुखणं होतं तिला."

"पण मी स्वतः वाटीत बघितलं होतं बाई. एक कण नव्हता."

डॉक्टरीण हात धुता धुता म्हणाली, "पहिल्या धारा आधीच कोणी काढून टाकल्या, तर वाटीत काय दिसणार?"

धाकटीने डॉक्टरीणबाईंना फाटकापर्यंत सोडलं, परत आली, ओट्याच्या कडेवर बसली आणि आपला तळवा उघडून बघू लागली. तो गारवा, ते ओलं अंग, ते "तू येणार म्हणून धुऊन पुसून ठेवलं". सगळं तिच्या तळव्याला आठवत असणार. शेळ्या ओरडू लागल्या तेव्हा ती उठली आणि त्यांना चारा घातला.

तिने भावाला फोन केला नाही. तोच आला. त्याच्या दारी गिऱ्हाईक आलं होतं आणि आईच्या वाटीत बघितल्याशिवाय शेळी घेणार नाही म्हणून अडून बसलं होतं. थोरला गोठ्यात शिरला तो हसत. "काय म्हणतात शेळ्या? जरा वाटी दे गं, संध्याकाळपर्यंत आणून देतो."

धाकटी काळीची खुरं कापत होती. तिने कातर बाजूला ठेवली. "दादा, टिकलीचं तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"ती आजारी होती ते."

"तूच निवडलीस ना तिला? मी दिली का?"

"ते नाही विचारलं मी."

"तूच वाटीत बघितलंस. सगळ्यांच्या समोर बघितलंस."

"मी वाटीला नाही विचारत, तुला विचारतेय. माहीत होतं का?"

थोरल्याने टिकलीकडे बघितलं. टिकली त्याला ओळखत होती. ती पुढे येऊन त्याचा हात हुंगू लागली, खुराक मिळेल म्हणून. त्याने हात मागे घेतला. मग तो म्हणाला, "गिऱ्हाईक खोळंबलंय. वाटी देणार आहेस की नाही?"

"नाही," धाकटी म्हणाली. "ती तुझ्याकडे राहून खोटं बोलायला शिकली आहे."

मित्रांनो, थोरल्याने मला वापरलं, त्याचं दुःख एक. पण धाकटीने हे म्हणावं? ती मला "बोल बाई" म्हणायची. मी उभ्या आयुष्यात एक कणही लपवला नव्हता. ज्या घरात मी खरं सांगितलं त्या घराने ते दाबलं, आणि जिथे शिक्षा झाली तिथे ती मला झाली. थोरला निघून गेला. फाटक लावायचंही त्याने भान ठेवलं नाही. धाकटीने उठून लावलं.

त्या दिवसानंतर तिने एक काचेचं भांडं आणलं आणि डॉक्टरीणबाईंकडून कसलंसं औषधी पाणी. दुधात ते घातलं की रंग बदलतो म्हणे. माझ्यात तिने खडे मीठ भरलं आणि मला शेळ्यांच्या गव्हाणीशेजारी ठेवलं. शेळ्या येऊन मीठ चाटतात, त्यांच्या खरखरीत जिभांनी माझा काळा मुलामा झिजत चालला आहे. टिकलीही येते. ती आता पिळली जात नाही, पण धाकटीने तिला विकलं नाही. तिचं अंथरूण रोज बदलते, खुरं वेळेवर कापते, वयाचा मान अजून तिलाच आहे.

लहान मित्रांनो, तुमच्या घरी शेळी असो, गाय असो, नाहीतर नुसतं मांजर असो, तिची निगा राखा. हात धुवा, जागा कोरडी ठेवा, अंगावरून हात फिरवा. पण एवढ्यावर निगा संपत नाही. जनावराला सांगता येत नाही आणि वाटीलाही नाही, तुम्हाला येतं. काही बिघडलेलं दिसलं तर ते बोला, आपलं नुकसान होत असलं तरी बोला.

काल धाकटीच्या नवऱ्याने तिला विचारलं, "तुला त्याच्याकडून हवंय तरी काय? दुसरी शेळी? तो देईलसुद्धा. सांगू का त्याला?"

"शेळी नको," ती म्हणाली. तिने माझ्यात मुठीने मीठ टाकलं आणि हात झटकला. "त्याने एकदा फोन करून म्हणावं, मला माहीत होतं. तेवढं म्हटलं तरी मी जाऊन भेटेन त्याला."

फोन खिडकीत असतो. धार काढताना ती तो गोठ्यात घेऊन येते आणि ओट्याच्या कडेवर ठेवते. वृद्धाश्रमातून येतो कधी, कारखान्यातून येतो. थोरल्याचा अजून आलेला नाही.